नैसर्गिक कायद्याच्या झेरॉक्स नोट्स: कुठली पानं ठेवायची, कुठली दुरुस्त करायची

सांगली आणि साताऱ्यातल्या लॉ कॉलेजांच्या आसपास झेरॉक्सची जी दुकानं आहेत, तिथे परीक्षेच्या दीड-दोन महिने आधीपासून ज्युरिसप्रुडन्सच्या, म्हणजे कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या, मराठी नोट्सचा गठ्ठा काउंटरवर दिसायला लागतो. निळं कव्हर, स्पायरल बाइंडिंग, ए-फोर आकार, पाठपोट छपाई, ११८ पानं, किंमत १६० रुपये. लेखकाचं नाव नाही, साल नाही. विषय एकच: नैसर्गिक कायदा (माणसाने केलेल्या कायद्याच्या आधीचे, विवेकाने कळणारे न्यायाचे नियम असतात ही कल्पना) आणि धर्मनीती (धर्म, नीती आणि कायदा यांचं नातं), म्हणजे या पेपरातला सगळ्यात घसरडा भाग. एलएल.बी.चे विद्यार्थी त्या घेतातच, पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून नीतिशास्त्राच्या पेपरासाठीही त्यांना मागणी आहे. मराठीतून पेपर लिहिणाऱ्याच्या हाताशी या विषयावर दुसरं फारसं काही नसतं. म्हणूनच त्या पानापानाने तपासायला हव्यात.

१६० रुपये वसूल होतात, हे आधीच सांगतो. चौथं प्रकरण इतकं चांगलं आहे की तेवढ्यासाठीही घ्याव्यात. पण पहिलं पान वाचून जो विद्यार्थी पुढे जाईल तो चुकीच्या रस्त्याला लागेल, आणि पाचव्या प्रकरणात एका मात्रेच्या चुकीने अख्खा अर्थ उलटा झाला आहे.

पहिल्या पानावर चौकटीत ठळक छापलेलं वाक्य असं: नैसर्गिक कायदा म्हणजे ईश्वराचा कायदा आणि त्याच्याशी विसंगत असलेला मानवी कायदा हा कायदाच नव्हे. मुलं नेमकं हेच पाठ करतात, कारण ते चौकटीत आहे. या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात भरले गेलेत. एखादा नियम कायदा आहे का, हा एक प्रश्न. तो न्याय्य आहे का, हा दुसरा. आणि अन्याय्य असेल तर माणसाने तो पाळायचा का, हा तिसरा. इंग्रज विधिज्ञ ऑस्टिनने १८३२ मध्ये पहिला आणि दुसरा प्रश्न वेगळा केला: कायदा असणं ही एक गोष्ट, त्याचं बरं-वाईट ठरणं ही दुसरी. नैसर्गिक कायद्याचा खरा अभ्यासक ऑस्टिनचं हे म्हणणं उडवून लावत नाही. त्याचं म्हणणं इतकंच असतं की कायदा म्हणजे काय हे नीट सांगायचं तर तो कशासाठी असतो हेही सांगावं लागतं. परीक्षेत गुण जातात ते इथे. प्रश्न असतो कायद्याच्या वैधतेवर आणि उत्तर लिहिलं जातं पाप-पुण्यावर.

दुसरं प्रकरण (पान १५ ते ३८) सोफोक्लीसच्या 'अँटिगनी' या ग्रीक नाटकापासून निघून रोमन विचारवंत सिसेरोवरून तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसपर्यंत येतं. सिसेरोपर्यंत हिशेब ठीक आहे. अक्वायनसचे चार कायदे, म्हणजे शाश्वत, नैसर्गिक, मानवी आणि दैवी, बरोबर दिलेत. आकृतीही सुबक आहे. फक्त आकृतीत दैवी कायदा सगळ्यात वर आणि नैसर्गिक त्याच्याखाली दाखवलाय, ते चूक. अक्वायनसच्या मांडणीत सर्वांत वर शाश्वत कायदा, म्हणजे विश्व ज्या बुद्धीने चालतं ती. माणूस स्वतःच्या बुद्धीने त्यात जो सहभागी होतो तो नैसर्गिक कायदा. आणि धर्मग्रंथातून कळतो तो दैवी. म्हणजे नैसर्गिक कायदा कळायला ग्रंथ लागत नाही, विवेक लागतो. बायबल न वाचलेल्या माणसालाही तो लागू होतो, हा त्यातला मुद्दाच आहे. पहिल्या पानावरच्या चौकटीने नेमका हाच घालवला.

अक्वायनसची कायद्याची व्याख्या मात्र नोट्समध्ये पूर्ण आहे आणि ती चारही तुकड्यांनिशी पाठ करावी: विवेकाची आज्ञा, सर्वांच्या हितासाठी, ज्याच्यावर समाजाची जबाबदारी आहे त्याने केलेली, आणि जाहीर केलेली. चारातला एक तुकडा गळला की व्याख्या लंगडी पडते. बहुतेक उत्तरपत्रिकांत 'जाहीर केलेली' हा गळतो.

मानवी कायदा नैसर्गिक कायद्यातून दोन वाटांनी निघतो, असं अक्वायनस सांगतो. नोट्समध्ये यावर दीड ओळ आहे, पाहिजे होतं दीड पान. एक वाट निष्कर्षाची: कुणाला इजा करू नये, म्हणून खून करू नये. दुसरी वाट निश्चितीची. घर बांधायचं तर त्याला दार असलंच पाहिजे, हे घराच्या कल्पनेतूनच येतं. पण दार अडीच फुटांचं की तीन फुटांचं, हे गवंडी ठरवतो. रस्त्यावर एकमेकांच्या अंगावर गाडी घालू नये, हे विवेक सांगतो. गाडी डावीकडून चालवायची हे कायदा ठरवतो, उजवीकडून ठरवली असती तरी चाललं असतं. या दुसऱ्या वाटेमुळे नैसर्गिक कायदा मानणारा माणूसही मोटार वाहन कायदा निमूट पाळतो. आयकर विवरणपत्र कुठल्या तारखेपर्यंत भरायचं, हे निसर्गात कुठे लिहिलंय, असा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. त्याचं उत्तर या एका शब्दात आहे: निश्चिती. पान ३१ च्या समासात हे हाताने लिहून घ्या.

'अन्याय्य कायदा हा कायदाच नव्हे' हे वाक्य नोट्स अक्वायनसच्या नावावर टाकतात. त्याचं मूळ कितीतरी आधीच्या ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिनमध्ये आहे. अक्वायनस ते उद्धृत करतो आणि पुढे जे जोडतो ते महत्त्वाचं: असा कायदा सदसद्विवेकाला बांधत नाही, तरी गोंधळ किंवा अनर्थ टाळण्यासाठी माणसाने प्रसंगी आपला हक्क सोडून तो पाळावा. हे जोडपत्र काढून टाकलं की नैसर्गिक कायदा म्हणजे बंडाचं लायसन्स वाटायला लागतं. तसं तो कधीच नव्हता.

तिसऱ्या प्रकरणावर फार थांबायला नको. डच विधिज्ञ ग्रोशियसने १६२५ मध्ये म्हटलं की ईश्वर नाही असं क्षणभर गृहीत धरलं, तरी नैसर्गिक कायद्याचे नियम बऱ्याच अंशी तसेच राहतील. नोट्समध्ये हे आहे, पण ते पहिल्या पानाच्या चौकटीला सरळ छेद देतं, हे तयार करणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही. हॉब्ज आणि लॉक यांच्या निसर्गावस्थेची (राज्यसंस्था नसतानाच्या स्थितीची) तुलना तक्त्यात आहे, ती चालेल. तत्त्वज्ञ ह्यूमने १७४० मध्ये 'आहे' वरून 'पाहिजे' वर, म्हणजे वस्तुस्थितीवरून कर्तव्यावर, उडी मारता येत नाही हे दाखवलं आणि त्यामुळे नैसर्गिक कायदा संपला, असं पान ५२ म्हणतं. संपला नाही. विधिज्ञ फिनिस यांनी १९८० मध्ये सगळी इमारत त्या उडीशिवाय बांधून दाखवली: जीवन, ज्ञान, खेळ, सौंदर्यानुभव, मैत्री, व्यवहारातला विवेक आणि धर्म ही सात मूलभूत हितं कशावरून तरी सिद्ध करावी लागत नाहीत. ज्ञान मिळवणं चांगलं का, असं विचारणारासुद्धा ज्ञानच मागत असतो. ही सात हितं चौथ्या प्रकरणात नीट आलीत. पान ५२ वर फक्त 'पुढे पाहा, पान ७१' एवढं लिहा.

आता चौथं प्रकरण, पान ६१ ते ७४. ज्याने कुणी हे लिहिलं त्याला विषय येतो. जर्मन विधिज्ञ राडब्रुख यांचं १९४६ चं सूत्र दोन्ही भागांसह दिलंय, हे मराठीत क्वचित दिसतं. पहिला भाग: कायदा अन्याय्य असला तरी सामान्यतः तोच चालेल, कारण निश्चितता हेही एक मूल्य आहे, विसंगती असह्य झाली तरच तो मागे हटेल. दुसरा भाग: जिथे समानता जाणूनबुजून नाकारली आहे तिथे तो कायदा नुसता वाईट नसतो, त्याला कायद्याचा स्वभावच उरत नाही. नाझी राजवटीनंतर आणि पुढे १९९० च्या दशकात बर्लिनच्या भिंतीवरच्या पहारेकऱ्यांच्या खटल्यांत जर्मन न्यायालयांनी हे सूत्र वापरलं. कायदा आणि नीती वेगळी मानणारे हार्ट आणि तसं न मानणारे फुलर यांचा १९५८ चा वाद याच पार्श्वभूमीवर झाला.

फुलर यांच्या १९६४ च्या आठ तत्त्वांसाठी (नियम कायदा ठरायला लागणाऱ्या आठ अटींसाठी) नोट्सनी एक उदाहरण रचलंय, ते कापून ठेवण्यासारखं आहे. कल्पना करा, आठवडी बाजारातल्या हातगाड्यांसाठी एक आदेश निघाला. तो सर्व हातगाडीवाल्यांना लागू नाही, दोघांचीच नावं घालून काढलाय: सर्वसाधारणता गेली. आदेश कार्यालयातल्या आतल्या फळ्यावर चिकटवलाय, बाजारात कुणी पाहिलेला नाही: प्रसिद्धी गेली. तो मागच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू: पूर्वलक्षी झाला. गाड्यांमध्ये 'योग्य अंतर' ठेवा म्हणतो, किती ते सांगत नाही: स्पष्टता गेली. एका परिच्छेदात गाडी रस्त्याच्या कडेला लावा, दुसऱ्यात कडेला लावू नका: विसंगती. परवाना दाखवा म्हणतो, पण परवान्याची खिडकी सुरूच झालेली नाही: अशक्य गोष्ट मागितली. दर आठवड्याला नवा आदेश: स्थिरता गेली. आणि शेवटी कागदावर एक नियम, पावती फाडणारा माणूस वेगळाच नियम लावतो: लिखित आणि अंमल यांचा मेळ नाही. आठही तत्त्वं एका बाजारात बसवली. परीक्षेत हे उदाहरण जसंच्या तसं लिहिलं तरी चालेल, पण आपल्या गावातलं स्वतःचं रचलं तर जास्त चांगलं.

या प्रकरणातली एकच उणीव मोठी आहे. फुलर यांच्यावर हार्ट यांनी घेतलेला आक्षेप नाही. ही आठ तत्त्वं म्हणजे कायदा नीट चालवायचं कसब आहे, नीती नव्हे; विष देणाऱ्यालाही त्याच्या कामाचं कसब असतंच, असा तो आक्षेप. फुलर यांची बाजू अशी की जी राजवट आठही तत्त्वं पाळते तिला गुपचूप अत्याचार करणं कठीण जातं. दोन्ही बाजू चार-चार ओळींत हव्यात, नाहीतर उत्तर एकांगी होतं.

पाचवं प्रकरण, पान ७५ ते ९२, भारतीय विचाराचं. इथे सगळ्यात जास्त अपेक्षा होती आणि इथेच दुरुस्ती सगळ्यात जास्त आहे. पान ७९ वर नारदस्मृतीतला व्यवहाराच्या, म्हणजे न्यायनिवाड्याच्या, चार पायांचा श्लोक आहे. धर्म, व्यवहार, चरित्र (रूढी) आणि राजशासन हे ते चार पाय. श्लोकाचा शेवट आहे 'उत्तरः पूर्वबाधकः'. नोट्समध्ये छापलंय 'पूर्वबोधकः'. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेताना जोडाक्षरं आणि मात्रा हलतात, तसं झालं असावं, कारण त्याच पानावर 'धर्मश्च' चा 'धमर्श्च' झालाय. रफार घसरला तर डोळ्याला लगेच खुपतो. 'बोधक' मात्र शुद्ध शब्द आहे, म्हणून खुपत नाही. आणि मग खाली अर्थही त्याबरहुकूम दिलाय: पुढचा पाय आधीच्या पायाचा बोध करून देतो, म्हणजे राजशासन धर्म समजावून सांगतं. मूळ अर्थ याच्या नेमका उलट बाजूचा: पुढचा पाय आधीच्याला बाधित करतो, त्याच्यावर मात करतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात तेच 'पश्चिमः पूर्वबाधकः' या शब्दांत सांगितलंय. एक मात्रा, एवढ्याने राजसत्ता मात करणारी न राहता भाष्यकार झाली.

श्लोक दुरुस्त केला तरी घाई करू नका. 'म्हणजे राजाज्ञा धर्मापेक्षा श्रेष्ठ' असा निष्कर्षही काही जण लगेच काढतात. या श्लोकातला धर्म म्हणजे विश्वाचा नियम नव्हे. पुढच्याच ओळीत तो सत्यावर उभा आहे, व्यवहार साक्षीदारांवर, असं सांगितलंय. हे चार पाय म्हणजे वादाचा निर्णय करायची चार साधनं आहेत. त्यामुळे नैसर्गिक कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात या श्लोकाचा वापर जपून करावा. खात्री करायची असेल तर वाईच्या प्राज्ञपाठशाळेने प्रसिद्ध केलेल्या धर्मकोशाचं व्यवहारकांड बघावं. एका विषयावरची वेगवेगळ्या ग्रंथांतली वचनं टीकांसह एकत्र लावलेली आहेत, आणि सातारा जिल्ह्यातच झालेलं हे काम इथल्या विद्यार्थ्याने एकदा तरी हातात धरावं.

नैसर्गिक कायद्याच्या जवळ जाणारी वचनं दुसरीच आहेत आणि नोट्समध्ये ती नाहीत. स्मृतिकार बृहस्पती म्हणतो: केवलं शास्त्रमाश्रित्य न कर्तव्यो विनिर्णयः, युक्तिहीनविचारे तु धर्महानिः प्रजायते. नुसत्या शास्त्राच्या आधारावर निर्णय करू नये, युक्ती नसलेल्या विचाराने धर्माचीच हानी होते. याज्ञवल्क्य सांगतो की दोन स्मृतींत विरोध आला तर व्यवहारात न्याय बलवान. तोच दुसरीकडे सांगतो की लोकांना ज्याचा तिटकारा आहे ते धर्म्य असलं तरी आचरू नये. ही तीन वचनं पान ८० च्या मागे चिकटवून घ्या. विवेक ग्रंथापेक्षा वर, हे मध्ययुगीन युरोपातून आणायची गरज नाही. ते इथल्या व्यवहारग्रंथांत आहे.

पण म्हणून प्रकरणाचा सूर बरोबर ठरत नाही. 'भारतीय धर्मकल्पना हाच परिपूर्ण नैसर्गिक कायदा' असं पान ८८ म्हणतं. एकाच अपराधाला वर्णानुसार वेगळा दंड सांगणारी व्यवस्था याच ग्रंथांत आहे. नैसर्गिक कायद्याची पहिली अट माणूस म्हणून सर्वांना लागू असणं ही असेल, तर तो भाग त्या कसोटीवर टिकत नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं, त्यामागचा युक्तिवाद हाच होता. डॉ. आंबेडकरांच्या त्या कृतीचा उल्लेखसुद्धा या प्रकरणात नाही. राडब्रुख यांच्या सूत्राचा दुसरा भाग, समानता जाणूनबुजून नाकारणारा नियम, इथे लावून पाहायला पाहिजे होता. चौथं प्रकरण लिहिणाऱ्या हाताने पाचवं लिहिलेलं नाही, हे जाणवतं.

या प्रकरणातला सगळ्यात चांगला परिच्छेद रामशास्त्री प्रभुण्यांवरचा. माहुलीचे रामशास्त्री, १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून, आणि राघोबादादांना सांगितलेलं देहान्त प्रायश्चित्त ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. नोट्स ती 'नैसर्गिक कायद्याचा विजय' म्हणून सांगतात. बारकाईने पाहिलं तर मुद्दा यापेक्षा खोल आहे. प्रायश्चित्त म्हणजे दंड नव्हे. दंड राजा देतो, आणि इथे अपराधीच सत्ताधारी होता. त्याला शिक्षा करणारा हात शिल्लकच नव्हता, म्हणून शास्त्र्यांनी सत्तेवर अवलंबून नसलेलं शास्त्रातलं साधन उचललं. अंमलबजावणी झाली नाही, शास्त्री पद सोडून गेले. ऑस्टिनच्या व्याख्येत (कायदा म्हणजे सार्वभौमाची, शिक्षेचा धाक असलेली आज्ञा) हा कायदा बसत नाही, कारण मागे जबरदस्ती नाही. तरीही तो निर्णय होता, अधिकाराच्या जागेवरून दिलेला होता आणि लोकांनी तो निर्णय म्हणूनच लक्षात ठेवला. कायदा म्हणजे फक्त सार्वभौमाची आज्ञा का, या प्रश्नावर साताऱ्याच्या विद्यार्थ्याला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही. त्याच्या शेजारीच १९४२ नंतरचं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार ठेवता आलं असतं. इंग्रजी अंमल कागदावर चालू असताना सातारा-सांगलीच्या खेड्यांत लोकन्यायालयं निवाडे देत होती आणि लोक ते मानत होते. वैधता कुठून येते, राजवटीच्या शिक्क्यातून की लोकांच्या मान्यतेतून? नोट्समध्ये यावर एक ओळही नाही, हे राहून गेल्याचं वाईट वाटतं.

सहावं प्रकरण न्यायालयांचं, पान ९३ ते ११८. तारखा आणि पीठं मी तपासली, बरोबर आहेत: केशवानंद भारती, २४ एप्रिल १९७३, १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६, मनेका गांधी, जानेवारी १९७८, पुट्टस्वामी, २४ ऑगस्ट २०१७, ९ न्यायाधीश. निष्कर्षांत मात्र गल्लत आहे.

पहिली गल्लत नैसर्गिक न्याय आणि नैसर्गिक कायदा यांची. ही फार जणांची होते, म्हणून सविस्तर सांगायला हवं. नैसर्गिक न्याय ही कार्यपद्धती आहे: दुसऱ्या बाजूचं ऐकून घ्या, आणि स्वतःच्या प्रकरणात कुणी न्यायाधीश होऊ नये. १९६९ चा क्रैपक खटला याचा नमुना. जम्मू-काश्मीरच्या वन अधिकाऱ्यांतून भारतीय वनसेवेसाठी निवड होती आणि एक उमेदवार स्वतःच निवड मंडळावर सदस्य म्हणून बसला होता. स्वतःचं नाव आलं तेव्हा तो उठून गेला होता, तरी निवड रद्द झाली. प्रशासकीय कामालाही हे नियम लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने तिथे सांगितलं. नैसर्गिक कायदा हा यापेक्षा कितीतरी मोठा दावा आहे, कायद्याच्या वैधतेबद्दलचा. पान ९७ वर दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सहा वेळा वापरलेत. सहाही ठिकाणी लाल पेनाने खूण करा.

दुसरी गल्लत केशवानंद निकालाची, म्हणजे घटनादुरुस्तीने घटनेचा मूळ ढाचा मोडता येत नाही असं सांगणाऱ्या निकालाची. 'सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक कायदा स्वीकारला' असं थेट लिहिणं धोक्याचं. त्या पीठावरच्या न्यायमूर्ती खन्ना यांचा निर्णायक धागा 'दुरुस्ती' या शब्दाच्या अर्थाचा होता: दुरुस्तीनंतर जुनी घटना टिकून राहिली पाहिजे, तिचा पायाच बदलला तर ती दुरुस्ती नव्हे. हा युक्तिवाद घटनेच्या आतला आहे.

त्याच न्यायमूर्ती खन्ना यांचं २८ एप्रिल १९७६ चं एडीएम जबलपूर खटल्यातलं एकट्याचं विरुद्ध मत पान १०४ ते १०९ वर आहे, आणि ही सहा पानं चौथ्या प्रकरणाच्या तोडीची आहेत. आणीबाणीत कलम २१ ची अंमलबजावणी स्थगित असताना बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागता येते का? चार न्यायाधीश नाही म्हणाले. खन्ना म्हणाले, कलम २१ हे जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचं एकमेव घर नाही. ते कलम नसतं तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेण्याचा अधिकार राज्याला नसता. त्यांचा आधार कायद्याचं राज्य हा आहे. नैसर्गिक हक्कांची उघड भाषा २०१७ च्या, खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी निकालात येते: हे हक्क घटनेने निर्माण केलेले नाहीत, माणसात मुळातच असलेले हक्क घटनेने मान्य केले. तिथेच जबलपूरचा निकाल रद्दबातल झाला. मधला दुवा नोट्समध्ये राहिलाय: १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं ठरवलं. ही ओळ पान १०८ वर लिहून घ्या, उत्तर पूर्ण होतं. निकाल मुळातून वाचायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या निकालांच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात. जबलपूर सगळा वाचू नका, खन्ना यांचं मत तेवढं वाचा.

धर्मनीतीचा भाग पान ११० ला सुरू होतो आणि ११८ ला गुंडाळला जातो. धर्मस्वातंत्र्याच्या कलम २५ मधली सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य ही बंधनं, १९५४ चा शिरूर मठ खटला आणि 'धर्माचा आवश्यक भाग' ही कसोटी (प्रथा धर्माचा आवश्यक भाग असेल तर तिला संरक्षण) आलीय. पण ती कसोटी पुढे कशी वळली ते नाही. १९५४ मध्ये न्यायालय म्हणालं, आवश्यक काय ते त्या धर्माच्याच सिद्धांतांवरून ठरवावं. १९६१ च्या अजमेर दर्ग्याच्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी इशारा दिला की अंधश्रद्धेतून आलेल्या, धर्माला बाहेरून चिकटलेल्या प्रथांची छाननी करावी लागेल. म्हणजे धर्मात काय खरं हे आता न्यायाधीश ठरवू लागले. हेच गजेंद्रगडकर १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात नरसू अप्पा माळी खटल्यात मुख्य न्यायाधीश छागलांच्या सोबत होते आणि व्यक्तिगत कायदे (लग्न, वारसा यांचे धर्मानुसारचे कायदे) कलम १३ च्या, म्हणजे मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा टिकत नाही या, कसोटीबाहेर आहेत असं त्या पीठाने ठरवलं होतं. धर्माच्या प्रथांची छाननी करणारा हात व्यक्तिगत कायद्यापाशी थांबला, हा ताण इथे मांडायला हवा होता. गजेंद्रगडकर साताऱ्यात जन्मले, इथल्याच शाळेत शिकले, १९६४ ते १९६६ देशाचे सरन्यायाधीश होते. साताऱ्यात विकल्या जाणाऱ्या नोट्समध्ये त्यांचं नाव नसावं, हे खटकतं.

दुसरं नाव डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं. नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्धचा, त्यांनी लावून धरलेला महाराष्ट्राचा २०१३ चा कायदा हा या विषयासाठी हातात धरून शिकवता येईल असा नमुना आहे. तो श्रद्धेवर बंदी घालत नाही. अनुसूचीत ठरावीक कृत्यं मोजून दिलीत आणि गुन्हा त्या कृत्यांचा आहे. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना कायद्यानेच हात लावलेला नाही. माणसाच्या देहाला इजा करू नये, हा विवेकाचा नियम. नेमकं कुठलं कृत्य गुन्हा, ही निश्चिती. अक्वायनसची दुसरी वाट इथे मराठीत, कलमवार दिसते. शिवाय अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्स यांचा सार्वजनिक तर्काचा मुद्दाही इथेच समजतो. कायदा मागताना 'देव नाही' असं म्हणावं लागलं नाही. जखम, फसवणूक, शोषण ही कारणं वारकऱ्यालाही पटतात आणि नास्तिकालाही. धर्म मानणाऱ्याने स्वतःच्या श्रद्धेतून प्रेरणा घ्यावी, पण कायदा मागताना कारण सर्वांना तपासता येईल असं द्यावं, एवढीच रॉल्स यांची अपेक्षा आहे. नोट्स त्याचा अर्थ 'धर्माने राजकारणात बोलू नये' असा करतात. तो त्यांच्यावर अन्याय आहे.

घटनात्मक नीतिमत्ता हा शब्द शेवटच्या पानावर फक्त व्याख्येसह आलाय. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत तो ग्रोट या इतिहासकाराच्या आधारे वापरला, आणि ती भावना निसर्गतः येत नाही, जोपासावी लागते, असं सांगितलं. नैसर्गिक कायद्यावरच्या पेपरात हे वाक्य सोन्याचं आहे, कारण ते दुसऱ्या बाजूने येतं: नीती निसर्गात तयार मिळत नाही, तिची मशागत करावी लागते.

वापरायच्या कशा, ते सांगतो. आधी पान १ ची चौकट खोडा आणि वर तीन प्रश्न लिहा. मग पान ६१ पासून सुरुवात करा, पुढे १०४ ते १०९, मग दुसरं प्रकरण, आणि पाचवं सगळ्यात शेवटी, दुरुस्त्या चिकटवल्यानंतर. मोठं उत्तर लिहिताना पहिलं अर्धं पान व्याख्येला आणि चार तुकड्यांना द्या, एक पान आक्षेप आणि त्यावरच्या उत्तराला, एक पान एकाच खटल्याला. पाच खटल्यांची नुसती नावं लिहिण्यापेक्षा एकात काय प्रश्न होता, कोण काय म्हणालं आणि का, हे लिहिलेलं जास्त भरतं. बाइंडिंगबद्दल एक: स्पायरलची भोकं मजकुराच्या फार जवळ पाडलेली आहेत, डाव्या पानांवर ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं जातात. घेताना पान ८४ आणि १०६ उघडून पाहा, आणि अक्षरं कापलेली असतील तर दुसरी प्रत मागा. पूर्ण संच नको असेल तर ६१ ते ७४ आणि १०४ ते १०९ एवढ्या २० पानांची सुटी झेरॉक्स मागितली तर काढून देतात.